अकरा मिलिमीटरचा रकाना

इसोबे चिझुरुला पन्नाशी गाठेपर्यंत कुणी सुंदर म्हणालं नव्हतं. नीटनेटकी मात्र सगळा छापखाना म्हणायचा, आणि तेवढ्यावर ती खूश होती. दुपारी डबा उघडला की मुळ्याच्या लोणच्याचे काप आधी एका ओळीत लावायचे, मग खायचे. साबणाची वडी झिजून वाकडी झाली की अर्धी उरलेली असली तरी फेकून द्यायची. अशा माणसांचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी एकदा अशा माणसाच्या हातात आपलं नशीब देऊन बघावं.

क्योतोत निशिजिनच्या एका गल्लीत, पूर्वी जिथे मागांची खडखड चालायची तिथे, कुरामोतोंचा छापखाना आहे. गणिताची आणि वैद्यकाची पुस्तकं तिथे जुळवली जातात. शिशाचे खिळे कधीच गेले. आता संगणकाला हुकूम लिहायचे, इथे वर्तुळ काढ, इथून तिथे बाण ने, बाणाला एवढा बाक दे, आणि त्या हुकमांतून पान तयार होतं. चिझुरु हे काम सव्वीस वर्षं करत होती.

रोगांचा अभ्यास करणारे प्राध्यापक तिच्याकडे आलेख आणायचे. कशामुळे काय झालं आणि किती महिन्यांनी झालं, ते दाखवणारे. महिन्याला एक उभा रकाना, रकान्यात घटनांची वर्तुळं, आणि एका रकान्यातून पुढच्या रकान्यात जाणारे बाण. असा एक आलेख हाताने लिहायचा म्हणजे चारशे ओळींचे हुकूम. तो पुरा झाला की तिसऱ्या दिवशी प्राध्यापकांना आठवायचं, अरेच्चा, मधला एक महिना राहिलाच की! मग पुन्हा सगळे बाण उपसा आणि पुन्हा रोवा. याला कंटाळून चिझुरुने स्वतःच एक प्रोग्रॅम लिहिला. त्याला नुसता तक्ता द्यायचा. कोणती घटना, कोणता महिना, कुणाचा कुणाशी संबंध. चारशे ओळी तोच लिहून काढायचा. छापखान्यात त्याला ‘शिडी’ म्हणायचे.

शिडीचा कायदा साधा होता. काळ डावीकडून उजवीकडे जातो, आणि बाणाचं टोक नेहमी नंतरच्या घटनेकडे असतं. दोन घटनांचा संबंध आहे एवढं तक्त्यात लिहिलं की पुरे. त्यातलं कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे शिडी महिना बघून ठरवायची. आधीचं ते कारण. प्राध्यापकांना ही सोय फार आवडली, कारण डोकं चालवायचं एक काम वाचलं.

छापखान्याच्या मालकीणबाई कुरामोतो ताएको त्र्याहत्तर वर्षांच्या, जन्माने अस्सल क्योतोच्या. त्या उभ्या आयुष्यात कुणाला वाईट बोलल्या नाहीत. उशिरा येणाऱ्याला म्हणायच्या, “तुम्हाला झोप किती छान लागते हो!” पाहुणा हलेना झाला की म्हणायच्या, “किती सुंदर घड्याळ आहे तुमचं!” ज्याला कळायचं त्याचा चेहरा उतरायचा, आणि ज्याला कळायचं नाही त्याची मागून गल्लीभर चेष्टा व्हायची. चिझुरु नाराजवळच्या खेड्यातली. सव्वीस वर्षांत तिला ही भाषा समजायला लागली होती, बोलता मात्र आली नाही.

एका वसंतात प्राध्यापक मोमोसे एक तक्ता घेऊन आले. लिफ्टचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत मिझुहारा तोशिकी नावाचा पस्तिशीतला माणूस होता. एका मे महिन्यात तो कारखान्याच्या जिन्यावर दम खायला बसला, तो उठलाच नाही. त्याच्या बायकोचं म्हणणं, कामाने मारलं. ‘हा माणूस कामामुळे मेला’ असं सरकारी कचेरीने लिहून द्यावं म्हणून तिने अर्ज केला होता. कंपनीने मोमोसेंचं मत मागवलं होतं, आणि मताला आलेख जोडायचा होता.

“बारा रकाने आहेत, इसोबेसान, आणि पान एकच,” मोमोसे म्हणाले. “बसवाल ना?”

“बसवते, सेन्सेई.”

“जरा देखणं करा हं. कचेरीतले लोक वाचत नाहीत, नुसते बघतात. आणि सहा महिन्यांपलीकडचे संबंध धरू नका; चालू राहणारी गोष्ट असेल तर ती थांबल्यापासून मोजा. एवढ्या लांबून कुणी कुणाला मारत नाही.”

चिझुरुने हिशेब केला. एका रकान्याला अकरा मिलिमीटर येत होते. तक्त्यातल्या महिन्यांपुढे कुठे ‘३० नेन’ लिहिलं होतं, कुठे ‘३० नेन्दो’. तीस म्हणजे सम्राटाच्या कारकिर्दीचं तिसावं वर्ष. नेन म्हणजे साधं साल, जानेवारी ते डिसेंबर. त्यापुढे ‘दो’ हे एक अक्षर बसलं की ते कचेऱ्यांचं साल होतं, एप्रिल ते मार्च, आपल्या आर्थिक वर्षासारखं. पालिकेच्या दाखल्यातून घेतलेल्या ओळीत नेन होतं, कंपनीच्या दवाखान्याच्या वहीतून घेतलेल्या ओळींत नेन्दो. चिझुरुला वाटलं, कारकुनाचा गबाळेपणा. गबाळेपणा दिसला की तिचे हात शिवशिवायचे. शिवाय ‘दो’ लावलं की शीर्षक अकरा मिलिमीटरांत मावेना, शेजारच्या रेघेला जाऊन चिकटायला लागलं. नाकापेक्षा मोती जड. तिने सगळ्या ओळींतलं ‘दो’ गाळून टाकलं, आणि तक्ता कसा एकसारखा झाला.

ध चा मा करायचा तरी हाताला शाई लागते, मनात पाप असावं लागतं. इथे दोन्ही नव्हतं. नुसती हौस होती.

मिझुहाराला झोप येत नाही, असं कंपनीच्या डॉक्टरने ३० नेन्दोच्या फेब्रुवारीत लिहिलं होतं. कचेरीच्या सालातला फेब्रुवारी शेवटाकडे येतो. म्हणजे एप्रिल ते डिसेंबर असे नऊ महिने रोज चार-चार, पाच-पाच तास जादा काम उपसून झाल्यावरचा तो फेब्रुवारी. ‘दो’ गेलं आणि तो टुणकन उडी मारून एप्रिलच्या आधी येऊन बसला. त्याच्याही आधीच्या रकान्यात जानेवारी होता, आणि त्यात पालिकेच्या दाखल्यातली नोंद होती, ‘मुलगी जन्मली’. शिडीने कायद्याप्रमाणे बाण काढले. मुलीच्या जन्मातून निद्रानाश, निद्रानाशातून मरण. निद्रानाशातूनच दुसरा बाण जादा कामाकडे गेला, आणि जादा काम तिथेच लोंबकळत राहिलं. त्यातून मरणाकडे जाणारी वाटच उरली नाही.

मोमोसेंनी आलेख पाहिला, मान डोलावली आणि त्याला शोभतील अशी दोन पानं लिहून काढली. घरात तान्हं मूल, म्हणून झोप नाही. झोप नाही म्हणून काम मंद. काम मंद म्हणून माणूस उशिरापर्यंत थांबतो. वाचायला अगदी पटण्यासारखं. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर आवाज तरी गोड असावा, तो मोमोसेंचा होता. जाताना ते म्हणाले, “इतका स्वच्छ आलेख मी आजवर पाहिला नव्हता, इसोबेसान.” चिझुरुला आठवडाभर ते वाक्य पुरलं.

पावणेदोन वर्षं गेली. मोमोसेंचं पाठ्यपुस्तक छापायला आलं, आणि नमुना म्हणून तोच आलेख, नाव गाळून, त्यात घालायचा होता. पुस्तकाचं पान आडवं होतं, रकान्याला अठरा मिलिमीटर मिळत होते. एवढी जागा आहे तर शीर्षक पुरतं लिहावं म्हणून चिझुरुने जुनी फाईल काढली. गाळलेलं ‘दो’ तिने एकेका ओळीत परत लावलं. आता महिन्यांचा क्रम शिडीला नीट सांगायला हवा, म्हणून कोणत्या ओळीत दो आहे आणि कोणत्या ओळीत नाही, हे ती पहिल्यांदा डोळ्यांनी बघायला लागली.

तिने शिडी पुन्हा चालवली. अर्ध्या मिनिटात नवा आलेख पडद्यावर आला. जादा कामाच्या नऊ रकान्यांतून निद्रानाशाकडे, निद्रानाशातून मरणाकडे. मुलीचा जन्म आता तेरा महिने मागे गेला होता. सहा महिन्यांच्या नियमात तो बसेना, म्हणून त्यातून निघणारा बाण आपोआप गळून पडला. ते एक वर्तुळ डावीकडे एकटं राहिलं, कुणाशी काही संबंध नसलेलं.

तिने मोमोसेंना फोन लावला. ते ऐकत राहिले, मग हसले.

“ही चूक नव्हे, इसोबेसान. हा व्याख्येचा प्रश्न आहे.”

“पण सेन्सेई, फेब्रुवारी खरंच नंतरचा आहे. बाण उलटे पडलेत.”

“तुम्ही बाण काढता. कारणं आम्ही काढतो.”

“त्या बाईंचा अर्ज...”

“दोनदा फेटाळला गेलाय. आता वरच्या समितीपुढे आहे, अठ्ठावीस तारखेला सुनावणी. झाली की प्रकरण संपेल. तोपर्यंत उगाच पाणी ढवळू नका.” एवढं बोलून त्यांनी पाठ्यपुस्तकाच्या मुखपृष्ठाचा रंग विचारला.

अठ्ठावीस तारखेला बारा दिवस होते. चिझुरुने दोन दिवस काही केलं नाही. डब्यातले काप एका ओळीत लावले आणि न खाता झाकण लावलं. तिसऱ्या दिवशी ती मालकीणबाईंसमोर गेली आणि सगळं सांगितलं. समितीला पत्र लिहावं लागेल, आणि त्यात छापखान्याचं नाव येईल, हेही सांगितलं. मालकीणबाईंनी स्वतः उठून चहा केला. सव्वीस वर्षांत त्यांनी तिच्यासाठी पहिल्यांदा चहा केला होता, आणि त्यावरूनच चिझुरुला काय ते कळलं.

“कुणी विचारलं होतं का तुम्हाला?” मालकीणबाईंनी मायेने विचारलं.

“नाही.”

“मग हात दाखवून अवलक्षण कशाला हो?” चहाचा पेला पुढे सरकवून त्या म्हणाल्या, “किती प्रामाणिक आहात! एवढा मोठा प्रामाणिकपणा आमच्या इवल्याशा छापखान्यात कसा मावणार बाई? तुम्हाला अडचण व्हायची.”

“महिनाअखेरपर्यंत काम पुरं करून जाते,” चिझुरु म्हणाली.

“छे छे. तुमच्यासारखीला इतके दिवस अडकवून ठेवलं तर लोक मला काय म्हणतील?”

त्याच दुपारी तिने टेबल रिकामं केलं. शिडी छापखान्याच्या वेळेत लिहिलेली, म्हणून ती छापखान्याची ठरली. जाताना मालकीणबाई दारापर्यंत आल्या आणि चिझुरु गल्लीच्या वळणाआड जाईपर्यंत वाकून उभ्या राहिल्या. शेजाऱ्यांना वाटलं, केवढा मान!

मोमोसेंनी तक्त्यासोबत दिलेल्या पालिकेच्या दाखल्यावर मिझुहाराच्या बायकोचा, कायोचा, पत्ता होता. फुशिमीत, कपडे धुण्याच्या दुकानावरची खोली. ती लोणच्याच्या दुकानात काम करायची आणि बुधवारी घरी असायची. चिझुरु बुधवारी सकाळी गेली. माफी मागायला जाताना मिठाई जड न्यावी लागते. हलकी नेली तर माफीही हलकी वाटते. म्हणून तिने लाल वाटाण्याच्या गोड वड्यांची पेटी घेतली होती, विटेएवढी जड. दारात उभी राहून तिने कमरेत वाकून सगळं एका दमात सांगितलं, तालीम करून आली होती तसं. कायो चौतिशीची, हातांना मिठाने भेगा पडलेल्या. 

मग तिने पेटी हातात घेऊन वजन केल्यासारखी वरखाली केली. “जड आहे,” ती म्हणाली. “विचार करून आणलेली दिसतेय. या, आत या.”

खोलीच्या कोपऱ्यात पितरांचं छोटं कपाट होतं. आत तोशिकीचा फोटो, उदबत्तीची वाटी आणि मधोमध, जिथे मृताचं नाव कोरलेली नामफळी असते तिथे, रिकामी जागा. लाकडावर तेवढा चौकोन गडद राहिला होता. चिझुरुने न राहवून तिकडे पाहिलं.

“त्याची नामफळी होती तिथे,” कायो म्हणाली. “सासूबाईंनी नेली. सांगते, घाई नाही. संगणक आणलाय ना?”

“आलेख दुरुस्त करून आणलाय. समितीला द्यायचं निवेदनही लिहिलंय. माझ्या नावाने, माझ्या शिक्क्यानिशी.”

“ते ठेवा तिथे टेबलावर. लागेल मला.” कायोने चहा ओतला. “दोन वर्षं मी कंठशोष करून सांगतेय की फेब्रुवारी नंतरचा आहे. कचेरीतला माणूस काय म्हणाला ठाऊक आहे? ‘दुःखात तारखा आठवत नाहीत हो कुणाला. हे बघा, हे छापलेलं आहे.’ आता दुसरा आलेख काढा.”

“कसला?”

“पहिल्या रकान्यात तुमचं नाव घाला.”

चिझुरुने संगणक उघडला. शिडी तिच्याकडे नव्हती, पण तिचा कायदा डोक्यात पाठ होता. दोन तास बसून तिने लहानशी शिडी नव्याने लिहिली. कायो तोपर्यंत समोर बसून मुळे सोलत होती. मग चिझुरुने तक्त्याची पहिली ओळ लिहिली. ‘एप्रिल. इसोबे चिझुरुने एक अक्षर गाळलं.’

“का गाळलंत?” कायोने विचारलं.

“रकाना अकरा मिलिमीटरचा होता. मावत नव्हतं.”

कायोने सुरी खाली ठेवली. “बरं,” ती म्हणाली. “पुढचं लिहा. ऑक्टोबर, अर्ज फेटाळला. बाण जोडा.”

चिझुरुने जोडला.

“जून, दुसरा अर्ज फेटाळला. ऑगस्ट, पितरांचे दिवस. सासूबाईंकडे तीस माणसं जेवायला. त्यांनी तुमचा आलेख काढला आणि पंगतीत फिरवला. ‘बघा, शिकल्यासवरल्या माणसाने काढलंय. बाण घरातून सुरू होतो, कारखान्यातून नाही.’ मी तेव्हा मागे भात वाढत होते. लिहिलंत?”

“लिहिलं.”

“त्याच महिन्यात नामफळी नेली. म्हणाल्या, ‘ज्या घराने खाल्लं त्या घरात माझा मुलगा राहणार नाही.’ बाण कुठून काढाल?”

“पंगतीतून,” चिझुरु म्हणाली. “आणि माझ्यापासून थेट काढायचा झाला तर तो सोळा महिन्यांचा होतो. सहा महिन्यांपलीकडचे संबंध धरायचे नाहीत असा नियम आहे.”

“कुणाचा नियम?”

“मोमोसे सेन्सेईंचा.”

“मग काढून टाका तो नियम. मी रोज धरते.”

चिझुरुने नियमाची ओळ पुसली. आता तिच्या नावातून निघालेले बाण सगळ्या रकान्यांवरून कमानी करत जाऊ लागले. हातांना सवय, म्हणून ते एकमेकांना छेदू नयेत इतका बाक ती आपोआप देत होती. कायोने ते पाहिलं.

“छान काढता,” ती म्हणाली. “नोव्हेंबर. मुलगी चार वर्षांची होत आली होती. आजीकडून आली आणि मला विचारलं, ‘आई, मी जन्मले म्हणून बाबा मेले का?’”

चिझुरुचा हात थांबला. डावीकडचं ते पहिलं वर्तुळ तिच्या डोळ्यांसमोर आलं. कागद बघता येणाऱ्या कुणालाही तो आलेख हेच सांगत होता, आणि तिला मात्र दोन वर्षं त्यात फक्त अंतरं दिसली होती. आता तिला रडू फुटलं.

“रडू नका,” कायो म्हणाली. “रडायला आलात की काम करायला? नोव्हेंबर लिहा.”

चिझुरुने सवयीने विचारलं, “नेन की नेन्दो?”

कायो पहिल्यांदाच हसली. “आज सुचलं होय विचारायला!”

कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन चिझुरुने आलेख छापून आणला. कायोने तो निरखून पाहिला, चार घड्या घातल्या आणि कपाटात, नामफळीच्या रिकाम्या चौकोनावर उभा करून ठेवला. मग उदबत्ती लावली.

“त्याच्या दिवशी या मे महिन्यात,” ती म्हणाली. “दरवर्षी. पुढचा रकाना काढायला.”

अठ्ठावीस तारखेला समितीपुढे निवेदन वाचलं गेलं आणि नवा आलेख ठेवला गेला. पावसाळा संपता संपता निकाल आला. मिझुहारा तोशिकी कामामुळे मेला. छापील कागदावर, तांबड्या शिक्क्यासकट. कायो तो कागद घेऊन सासूकडे गेली. म्हातारीने चष्माही काढला नाही पिशवीतून. “पहिला कागद सेन्सेईंचा होता,” ती म्हणाली. “हा कुण्या छापखानेवालीचा. मी अडाणी असले तरी एवढं कळतं.” नामफळी आजही तिच्याकडेच आहे. मोमोसेंचं पाठ्यपुस्तक निघालं. त्यात त्यांनी अक्षरजुळणी करणाऱ्यांच्या बेफिकिरीपासून अभ्यासकांनी सावध राहावं, यावर एक स्वतंत्र प्रकरण घातलं. ते पुस्तकातलं सगळ्यांत चांगलं प्रकरण आहे असं म्हणतात.

क्योतोतल्या कुठल्याच छापखान्याने चिझुरुला ठेवून घेतलं नाही. मालकीणबाई सगळीकडे तिची तोंडभर स्तुती करत होत्या. “अहो, अशी प्रामाणिक बाई मिळायची नाही. तुमची एकूण एक चूक चव्हाट्यावर नेऊन ठेवील.” शेवटी तिला ओत्सूला, भाजी-मासळीच्या दुकानांची पत्रकं छापणाऱ्याकडे काम मिळालं. तिथे अक्षरं जितकी वेडीवाकडी तितकं गिऱ्हाईक थांबतं. मुळा तिरपा, भाव तिरपा, सगळं तांबडं आणि पिवळं. पहिल्या आठवड्यात तिने ते सरळ केलं तर मालक सगळ्यांसमोर ओरडला, “हे काय स्मशानातलं पत्रक आहे का?” तेव्हापासून ती हाताने वाकडं करते. इतकी वर्षं राहिलेली खोली सुटली. पाठीत उसण भरते. डब्यातले काप ती अजून ओळीत लावते.

आणि दर मे महिन्यात ती फुशिमीला जाते. एक जड पेटी घेऊन. कायो ती कपाटाशेजारी ठेवते आणि गेल्या वर्षीची, कागदही न फाडलेली, तिच्या हातात परत देते. त्या वड्या बरोबर एक वर्ष टिकतात. मग चहा, मग तक्ता. पहिल्या वर्षी कायोने तीन वर्तुळं सांगितली. दुसऱ्या वर्षी दोन. मुलगी बालवाडीतल्या मुलींना सांगते की माझा वाढदिवस नसतो. तिसऱ्या वर्षी कायोने पुष्कळ विचार केला आणि म्हणाली, “यंदा काही झालं नाही.”

“मग रकाना मोकळा ठेवू?”

“नको. ‘काही झालं नाही’ असंच लिहा. बाण तुमच्यापासून.”

चौथ्या वर्षी चिझुरुने एक गोष्ट केली. आदल्या रविवारी घरी बसून तिने तक्त्यात एक ओळ घातली, अगदी खालच्या रांगेत, लहान अक्षरांत. ‘फेब्रुवारी. नोकरी गेली.’ बाण पहिल्याच वर्तुळातून. खोटं काही नव्हतं. तेही तिथूनच निघालं होतं, आणि तिला वाटलं, एवढ्या मोठ्या आलेखात एका कोपऱ्यात ते असायला हरकत नाही. कुणाला तरी ते एकदा दिसावं असंही तिला वाटलं होतं. चार वर्षांत तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं.

कायोने संगणक आपल्याकडे वळवला आणि बोट फिरवत फिरवत रकाने पाहिले. खालच्या रांगेपाशी बोट थांबलं.

“हे कुणाचं?”

“माझं,” चिझुरु म्हणाली.

कायोने ते वाचलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवलही नव्हतं.

“पुसा,” ती म्हणाली. “हा आमचा आहे.”

चिझुरुने ओळ पुसली आणि शिडी पुन्हा चालवली. एक वर्तुळ गेलं, एक बाण गेला. खालच्या रांगेतली गर्दी हटली, रकान्यांमधली अंतरं सारखी झाली. आलेख आधीपेक्षा सुबक दिसायला लागला. तिला ते दिसलं आणि क्षणभर बरंही वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची तिला अशी शरम वाटली की तिने मान वर केली नाही. कायोने गेल्या वर्षीची पेटी तिच्यापुढे सरकवली.